अहवाल नंतर, आधी तारखा मागा

२०१९ च्या ऑगस्टात कोल्हापुरात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर चढली होती. तिथली धोका पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात सरकारच्या दोन गोष्टी गाजल्या. पूरग्रस्त भागात बोटीतून फिरणाऱ्या एका मंत्र्याचा हसरा सेल्फी व्हिडिओ ही एक. दुसरी म्हणजे क्षेत्र दोन दिवसांपेक्षा जास्त बुडालेलं असेल तर कुटुंबाला १० किलो गहू आणि १० किलो तांदूळ द्यायचा शासन निर्णय. व्हिडिओवर कट्ट्याकट्ट्यावर शिव्यांची लाखोली वाहिली गेली. जीआरवरही लोक चिडले, पण तो कागद खालच्या सहीपर्यंत वाचलेला माणूस मला त्या महिन्यात एकच भेटला. प्रयाग चिखलीचा शेतकरी, घर दोनदा पाण्यात गेलेला. ‘काका, ही दोन दिवसांची अट कुणी घातली आणि कधी घातली, हे कुठं कळंल?’ एवढंच त्यानं विचारलं.

मी ३३ वर्षं सरकारी कचेरीत काढली, त्यातली निम्मी बारनिशीत. आलेल्या टपालावर शिक्का मारायचा, क्रमांक टाकायचा आणि ज्या त्या टेबलावर धाडायचं, हे माझं काम. मंत्र्यानं राजीनामा द्यावा म्हणून आलेली निवेदनं मी पोत्यानं पाहिली. त्यांना उत्तर द्यायची कुणाला गरज वाटत नाही, कारण त्यांत उत्तर देण्यासारखं काही नसतं. पण ‘अमुक तारखेचं पत्र अमुक टेबलावर किती दिवस होतं’ असं विचारणारा अर्ज आला की साहेबापासून शिपायापर्यंत सगळे खुर्चीत सरळ बसायचे. मंत्र्यांच्या कारभाराचा आणि चौकश्यांचा पाठपुरावा कसा करायचा याबद्दल पुढं जे लिहिलंय ते सगळं त्या एका अनुभवावर उभं आहे.

आधी तक्रारीची जात ओळखा

मंत्र्याचं वागणं म्हणजे नेमकं काय? बोलणं-चालणं, निर्णय आणि संपत्ती या तिन्ही गोष्टी आपण एकाच शिवीत बसवतो. कायद्यानं तिन्हींचे दरवाजे वेगळे आहेत.

सेल्फी, असभ्य भाषा, सभागृहात खोटं बोलणं ही पहिली जात. यावर थेट कायदा जवळजवळ नाही. केंद्रीय गृह मंत्रालयाची मंत्र्यांसाठी आचारसंहिता आहे, ती राज्यातल्या मंत्र्यांनाही लागू आहे. धंद्याशी संबंध तोडा आणि दरवर्षी ३१ ऑगस्टपर्यंत मालमत्ता व कर्जाचं विवरण मुख्यमंत्र्यांना द्या, असं ती सांगते. पण ती मोडली म्हणून कोर्ट शिक्षा देत नाही. पाळली जाते की नाही हे मुख्यमंत्र्यांनी बघायचं असतं. म्हणून या जातीची तक्रार मुख्यमंत्र्यांकडं आणि सभागृहात जाते. पोलीस ठाण्यात नेलीत तर ठाणे अंमलदार चहा पाजून परत पाठवेल.

दुसरी जात निर्णयाची. टेंडर, बदली, जमीन, मदतीचा निकष. इथं कागद असतो, म्हणून इथं आपल्याला वाव आहे. लेखाचा मोठा भाग यावरच आहे.

तिसरी संपत्तीची. इथं सुरुवात आरोपापासून करू नका, निवडणूक शपथपत्रापासून करा. प्रत्येक उमेदवारानं भरलेला नमुना २६ निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतो. २०१९ आणि २०२४ ची दोन शपथपत्रं शेजारी ठेवा. जंगम, स्थावर, जोडीदाराच्या नावचं, कर्ज, सरकारी देणी, उत्पन्नाचं साधन, असा रकान्यामागून रकाना जुळवा. संध्याकाळ जाते, पण त्यातून निघालेल्या चार ओळी कुठल्याही भाषणापेक्षा जड असतात. फक्त वाढ दिसली म्हणून चोरी झाली असं लिहून मोकळे होऊ नका. कसबा बावड्यात पंधरा वर्षांपूर्वी घेतलेल्या गुंठ्याचा आजचा भाव काय, हे आपल्यालाही ठाऊक आहे.

आयोग की समिती?

मंत्री सभागृहात उठून म्हणतात, ‘चौकशी लावली आहे.’ इथं आपण टाळ्या वाजवतो आणि इथंच फसतो. विचारायचं ते एवढंच, की चौकशी कशाखाली?

चौकशी आयोग अधिनियम, १९५२ खाली नेमलेला आयोग असेल तर त्याला दिवाणी न्यायालयाचे काही अधिकार असतात. साक्षीदाराला समन्स काढता येतं, कागद हजर करायला लावता येतो, शपथेवर जबाब घेता येतो. आपल्या कामाची खरी गोष्ट कलम ३(४) मध्ये आहे. आयोगानं अहवाल सरकारला दिला की सहा महिन्यांच्या आत तो विधिमंडळासमोर ठेवावा लागतो, आणि त्यावर सरकारनं काय केलं याचं टिपण, म्हणजे कृती अहवाल, सोबत जोडावा लागतो.

उलट साध्या शासन निर्णयानं नेमलेली समिती असेल तर ही सहा महिन्यांची अट नाही, समन्स नाही, शपथ नाही. आपल्याकडचं उदाहरण वडनेरे समितीचं. २०१९ च्या पुरानंतर त्याच ऑगस्टात जलसंपदा विभागाचे निवृत्त प्रधान सचिव नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली ती नेमली गेली आणि मे २०२० मध्ये तिनं अहवाल दिला. पुराला कर्नाटकातलं अलमट्टी धरण जबाबदार नाही असं समितीनं म्हटलं, त्यावरून आपल्याकडं आजही वाद पेटतो. वाद घाला, माझी ना नाही. पण ही तज्ज्ञ समिती होती, न्यायिक आयोग नव्हे. ‘कलम ३(४) प्रमाणे अहवाल मांडा’ असा अर्ज तिच्याबाबतीत केलात तर पहिल्याच टेबलावर तो निकाली निघेल. तिच्याबाबतीत विचारायचं ते वेगळं: कोणत्या शिफारशी स्वीकारल्या, कोणत्या तारखेच्या जीआरनं, आणि त्यावर किती खर्च टाकला.

हे ओळखायचं कसं? आयोगाची अधिसूचना महाराष्ट्र शासन राजपत्रात निघते आणि तिच्या पहिल्याच परिच्छेदात १९५२ च्या अधिनियमाचा उल्लेख असतो. समितीचा जीआर शासनाच्या संकेतस्थळावर मिळतो. प्रत्येक जीआरला एक लांबलचक संगणक संकेतांक असतो. त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे तारीख, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. व्हॉट्सॲपवर फिरणारा जीआर खरा की बनावट, हे निम्म्या वेळा या आठ आकड्यांवरच कळतं. राजर्षी शाहूंचा १९०२ चा आरक्षणाचा आदेशही करवीरच्या गॅझेटातच छापला गेला होता. गॅझेट बघायची सवय या गावाला नवी नाही, मोडलीय इतकंच.

अधिसूचना हातात आली की कार्यकक्षा वाचा. आयोगाला काय तपासायचंय आणि काय नाही, हे तिथल्या चार-पाच कलमांत ठरलेलं असतं. ‘घटनेची कारणे शोधणे’ एवढंच लिहिलं असेल आणि ‘जबाबदारी निश्चित करणे’ नसेल, तर आयोग कितीही चांगला असला तरी मंत्र्याचं नाव अहवालात येण्याची शक्यता कमी. आरडाओरडा करायचा असेल तर तो या टप्प्यावर करा, कार्यकक्षा बदलून घेण्यासाठी. दोन वर्षांनी अहवालावर ओरडून हाती काही लागत नाही.

मुदत पण बघून ठेवा. कोरेगाव भीमा प्रकरणी न्या. जे. एन. पटेल आयोग फेब्रुवारी २०१८ मध्ये नेमला तेव्हा चार महिने दिले होते. पुढं मुदतवाढीवर मुदतवाढ होत राहिली. प्रत्येक मुदतवाढीचा आदेश वेगळा निघतो, त्यावर कारण लिहिलेलं असतं आणि तो मागता येतो.

जुने अहवाल काय सांगतात

१९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉलमुळं १४ रुग्ण दगावले. न्या. बख्तावर लेंटिन यांच्या आयोगानं औषधखरेदीची साखळी मंत्र्याच्या दारापर्यंत उलगडली आणि आरोग्यमंत्र्यांना पद सोडावं लागलं. हेच लेंटिन १९८२ च्या जानेवारीत उच्च न्यायालयात सिमेंट वाटपाच्या प्रकरणाचा निकाल देत होते. त्या निकालानंतर मुख्यमंत्री अंतुले पायउतार झाले. आयोग शिक्षा देऊ शकत नाही, त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारकही नाहीत. पण अहवाल लोकांच्या हातात पडला की खुर्ची हलते, हे आपल्याच राज्यात घडलेलं आहे.

आता दुसरी बाजू. मुंबईतल्या दंगलींच्या चौकशीसाठी श्रीकृष्ण आयोग १९९३ मध्ये नेमला, १९९६ च्या जानेवारीत सरकारनं तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला. फेब्रुवारी १९९८ मध्ये अहवाल आला, ऑगस्टमध्ये सभागृहात मांडला गेला, आणि सरकारनं तो फेटाळला. मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या घोटाळ्यावरच्या आयोगाचा अंतिम अहवाल एप्रिल २०१३ मध्ये सरकारकडं पोचला. सहा महिने ऑक्टोबरमध्ये संपले. अहवाल मांडला २० डिसेंबरला, नागपूर अधिवेशनाच्या अखेरच्या दिवशी, आणि तोही फेटाळून. चर्चेला दिवसच उरला नाही. पण टीका इतकी झाली की २ जानेवारी २०१४ ला सरकारला तो अंशतः स्वीकारावा लागला. तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांच्यावरच्या वसुलीच्या आरोपांची चौकशी करणाऱ्या चांदीवाल आयोगाचा अहवाल एप्रिल २०२२ मध्ये सादर झाला. २०२४ मध्येही तो जाहीर करा अशी मागणी चालूच होती, आणि मागणाऱ्यांत ज्यांच्यावर आरोप झाले ते माजी मंत्रीही होते.

या सगळ्यांत पक्ष बदलले, मुख्यमंत्री बदलले, तऱ्हा मात्र एकच राहिली. अहवाल फेटाळण्याआधी तो थांबवला जातो, आणि थांबवणं तारखांत दिसतं.

तारखा काढायचा अर्ज

माहितीच्या अधिकारात ‘मला अहवालाची प्रत द्या’ असा अर्ज केलात तर बहुधा कलम ८(१)(ग) दाखवून नकार येतो: अहवाल अजून सभागृहासमोर नाही, दिला तर विधिमंडळाचा विशेषाधिकार भंग होईल. मंत्रिमंडळाच्या कागदांसाठी ८(१)(झ) पुढं करतात. या नकारावर अपिलात भांडता येतं, पण त्यात वर्ष सहज जातं. त्याऐवजी ज्याला कुठलंच कलम आड येत नाही ते आधी मागा. मी चिखलीच्या गड्याला त्याच्या जीआरसाठी लिहून दिलेला मसुदा याच धाटणीचा होता; आयोगाच्या अहवालासाठी तो असा होईल. नावं तुमच्या प्रकरणाप्रमाणं बदला (नस्ती म्हणजे फाईल, कार्यासन म्हणजे ती हाताळणारं टेबल):

*विषय: ………… चौकशी आयोगाच्या अहवालावरील कार्यवाही.*
*१) उक्त अहवाल शासनास ज्या दिनांकास प्राप्त झाला तो दिनांक व आवक नोंदवहीतील संबंधित पानाची प्रत.*
*२) अहवालाशी संबंधित नस्तीचा क्रमांक, कार्यासन व नस्ती सध्या ज्यांच्याकडे आहे त्या अधिकाऱ्याचे पदनाम.*
*३) कृती अहवालासाठी ज्या विभागांचे अभिप्राय मागविले त्यांची नावे, पत्रांचे जावक क्रमांक व दिनांक, आणि अभिप्राय प्राप्त झाल्याचे दिनांक.*
*४) अहवाल विधिमंडळासमोर ठेवला असल्यास तो दिनांक.*
*५) सदर नस्तीची नियत दिवशी तपासणी करू द्यावी.*

‘का’ हा शब्द कुठंही नाही, हे बघा. ‘विलंब का झाला’ ही माहिती नव्हे, ते स्पष्टीकरण झालं, आणि त्यावर अर्ज फेटाळता येतो. ‘कधी’, ‘कुणाकडं’, ‘किती’ एवढंच विचारा. उत्तरातल्या दोन तारखांमधलं अंतर मोजलं की ‘का’ आपोआप उघडा पडतो.

आपल्या राज्याच्या नियमांत अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसावा लागतो. जोडपत्र ‘अ’ मधला नमुना वापरा, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. मंत्रालयाचा अर्ज राज्य शासनाच्या आरटीआय पोर्टलवरून करता येतो, त्यासाठी रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस पकडायची गरज नाही. कागदावरच करायचा असेल तर स्पीड पोस्टनं पाठवा आणि पावतीचा फोटो काढून ठेवा. थर्मल कागदावरची शाई वर्षभरात उडते, आणि अपिलाच्या दिवशी हातात कोरा चिठोरा राहतो.

अर्ज चुकीच्या विभागात गेला तर त्यांनी पाच दिवसांत योग्य ठिकाणी वर्ग करायचा असतो. उत्तराला ३० दिवस. मुदतीत उत्तर आलं नाही तर पुढं माहिती मोफत द्यावी लागते, कलम ७(६). हे ते आपणहून सांगत नाहीत, आपण लिहायचं. त्यानंतर ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडं पहिलं अपील, २० रुपयांचा स्टॅम्प. त्यांनी ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निर्णय द्यायचा. तिथंही जमलं नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील. ते कुठं, हे तुमचं घर कुठं यावर ठरत नाही, माहिती अधिकारी कुठं बसतो यावर ठरतं. कोल्हापूरच्या कचेरीसाठी पुणे खंडपीठ, मंत्रालयासाठी मुंबई. माहिती आयोग दिवसाला २५० रुपये, जास्तीत जास्त २५ हजार रुपयांपर्यंत दंड लावू शकतो. लावतो क्वचित. तरी अर्जात त्या कलम २० चा उल्लेख असावा, टेबलावरचा माणूस तो वाचतो.

‘वैयक्तिक माहिती’ म्हणून नकार आला तर जरा जड जातं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं कलम ८(१)(ञ) मधली आपल्या बाजूची जुनी पळवाट, म्हणजे लोकहितासाठी अशी माहिती देता येण्याची तिथली सोय, बंद केली. व्यापक लोकहितासाठी माहिती देता येईल असं सांगणारं कलम ८(२) मात्र जागेवर आहे. अपिलात त्याच्यावर भर द्या आणि लोकहित कोणतं ते दोन ओळींत सांगा.

याहून सोपा एक रस्ता आहे, तो कुणी वापरत नाही. नोव्हेंबर २०१८ च्या परिपत्रकाप्रमाणं जिल्हा पातळीवरच्या आणि त्याखालच्या सरकारी कार्यालयांत, तसंच स्थानिक स्वराज्य संस्थांत, दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख बघता येतो. मंत्र्याच्या निर्णयाची अंमलबजावणी शेवटी नागाळा पार्कातल्या जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा तुमच्या तहसीलदाराकडं होते. मंत्रालयातल्या नस्तीत जे झाकलेलं असतं त्याची कार्बन कॉपी इथं उघडी पडलेली सापडते. नस्ती उघडली की आधी डावीकडची टिपणी वाचा, पत्रव्यवहार नंतर. कारकुनानं काय सुचवलं, अव्वल कारकुनानं काय खोडलं आणि ‘मा. मंत्री महोदयांच्या दूरध्वनीवरील सूचनेनुसार’ असं कुणी चुकून लिहून ठेवलं का, हे टिपणीतच कळतं. पानांवर क्रमांक आहेत का बघा. ४१ नंतर थेट ४४ आलं तर तेवढंच वहीत टिपून घ्या आणि तिथल्या तिथं लेखी द्या.

आमदाराला तयार प्रश्न द्या

घटनेच्या अनुच्छेद १६४ प्रमाणं मंत्रिमंडळ विधानसभेला सामूहिकरीत्या जबाबदार आहे. आपल्याला नाही, विधानसभेला. म्हणून आमदार लागतो. जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत. आपला आमदार सत्तेतला असला तर शेजारच्या तालुक्यातला गाठा, नाहीतर विधान परिषदेतला. प्रश्न कुणीही सदस्य विचारू शकतो.

आमदाराकडं हारतुरे आणि निवेदन घेऊन जाणारे रोज शंभर असतात. तुम्ही तारांकित प्रश्नाचा, म्हणजे मंत्र्यानं सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाचा, मसुदा घेऊन जा. त्याचा साचा ठरलेला आहे: ‘(१) अमुक आयोगाने दिनांक अमुक रोजी अहवाल सादर केला, हे खरे आहे काय; (२) असल्यास, उक्त अहवाल सहा महिन्यांच्या मुदतीत सभागृहासमोर ठेवण्यात आलेला नाही, हेही खरे आहे काय; (३) असल्यास, याप्रकरणी कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे; (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?’ बघा, माहिती अधिकारात जो ‘का’ चालत नव्हता तो इथं हक्कानं विचारता येतो. आणि पहिल्या ओळीतली तारीख तुम्ही आरटीआयनं काढलेली असेल तर मंत्र्याला ‘हे खरे नाही’ म्हणता येत नाही. तारीख नसेल तर ‘हे खरे नाही’ आणि खाली तीन वेळा ‘प्रश्न उद्भवत नाही’ असं छापील उत्तर ठरलेलं.

वेळेचं गणित सांभाळा. अर्थसंकल्पी अधिवेशन फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास, पावसाळी जून-जुलैत, हिवाळी डिसेंबरात नागपूरला. प्रश्न अधिवेशनाच्या बरेच आधी द्यावे लागतात. अधिवेशन सुरू झाल्यावर आमदाराच्या दारात उभं राहिलात तर हातात लक्षवेधी किंवा औचित्याचा मुद्दा एवढंच उरतं. मंत्री उत्तरात ‘तपासून कार्यवाही करू’ म्हणाले की तो दिनांक आणि ते वाक्य कार्यवाहीतून जसंच्या तसं उतरवून घ्या. सभागृहातल्या शब्दाचा पाठपुरावा करायला आश्वासन समिती असते. तिच्याकडं सदस्यामार्फत कागद गेला की सचिवांना समितीसमोर बसून उत्तरं द्यावी लागतात. कॅमेरे तिथं नसतात, म्हणून कदाचित काम होतं.

आयोग चालू असेल तर

आयोग वर्तमानपत्रात जाहीर सूचना देतो आणि लोकांकडून शपथपत्रं मागवतो. सूचना छोट्या अक्षरांत असते, मुदत कमी असते. शपथपत्रात फक्त स्वतः पाहिलेलं लिहा. ऐकीव माहिती लिहायचीच असेल तर कुणाकडून ऐकली ते लिहा. पानांना क्रमांक, जोडपत्रांना खुणा, नोटरीचा शिक्का. ज्याच्या नावाला धक्का बसेल त्याला आयोगानं बाजू मांडायची संधी द्यावी लागते, कलम ८ब, आणि त्याचा वकील तुमची उलटतपासणी घेऊ शकतो. घाबरायचं कारण नाही. आयोगासमोर दिलेला जबाब पुढं तुमच्याविरुद्ध खटल्यात वापरता येत नाही, खोटी साक्ष दिली तर गोष्ट वेगळी.

आणि स्वतःचं घर आधी झाडून घ्या. अण्णा हजारेंनी चार मंत्र्यांवर केलेल्या आरोपांची चौकशी करायला २००३ मध्ये न्या. पी. बी. सावंत आयोग नेमला गेला. २००५ च्या अहवालात मंत्र्यांवर ठपके आले, तसे हजारेंशी संबंधित ट्रस्टच्या कारभारावरही आले. तुमच्या मंडळाचे, तालमीचे, संस्थेचे हिशेब धर्मादाय कार्यालयात वेळेवर गेलेत का? समोरचा वकील पहिल्यांदा तिथंच बोट ठेवेल.

लोकायुक्त, एसीबी, कोर्ट

लोकायुक्त ही संस्था महाराष्ट्रात १९७२ पासून आहे, १९७१ च्या कायद्यानं आलेली. त्या कायद्यात मंत्री येतात, मुख्यमंत्री येत नाहीत. गैरकारभाराचं गाऱ्हाणं १२ महिन्यांच्या आत, भ्रष्टाचाराचा आरोप तीन वर्षांच्या आत करायचा, आरोपासोबत शपथपत्र जोडायचं. विधानसभेनं डिसेंबर २०२२ मध्ये नवं लोकायुक्त विधेयक मंजूर केलं. त्यात मुख्यमंत्र्यांनाही घेतलंय, पण त्यांच्या चौकशीला सभागृहाच्या दोन तृतीयांश सदस्यांची संमती लागेल अशी मेख मारून. अर्ज करायच्या दिवशी कोणता कायदा आणि कोणता नमुना लागू आहे ते लोकायुक्त कार्यालयाला फोन करून विचारा, मगच लिहायला बसा.

लाचेची मागणी ताजी असेल तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा नंबर. पण मंत्र्यानं पदावर बसून घेतलेल्या निर्णयाबद्दल तक्रार असेल तर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १७अ आडवं येतं. चौकशीआधी सक्षम प्राधिकाऱ्याची परवानगी लागते. म्हणून तक्रार दिल्यानंतर महिनाभरानं ‘परवानगीचा प्रस्ताव कोणत्या तारखेला पाठवला’ हा आरटीआय टाका. पुन्हा तारीखच.

कोर्टाच्या बाबतीत आपलं नशीब बदललंय. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात सीपीआर रुग्णालयासमोरच्या जुन्या इमारतीत बसतं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे. सहा महिन्यांत मांडायचा अहवाल वर्षानुवर्षं मांडला नाही, तर अनुच्छेद २२६ खाली सरकारला कर्तव्य करायला लावणारा आदेश मागता येतो. वकील पहिल्याच भेटीत विचारेल, कागद काय आहेत? आरटीआयची उत्तरं, पोच, प्रश्नोत्तराची छापील प्रत, स्मरणपत्रं. हे नसताना फक्त वर्तमानपत्राची कात्रणं जोडून याचिका केली तर खर्च अंगावर येऊ शकतो.

लिहिताना जिभेवर ताबा ठेवा. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये आहे. ‘मंत्र्यानं पैसे खाल्ले’ असं स्टेटस ठेवण्यापेक्षा ‘१२ मार्चला आलेली नस्ती २ सप्टेंबरपर्यंत मंत्री कार्यालयात होती, आवक नोंद सोबत’ असं ठेवा. नोटीस पाठवायची झाली तरी कशावर पाठवणार?

मोर्चा नकोच असं मी म्हणत नाही. एन. डी. पाटील सरांच्या मागं टोलविरोधात हे गाव रस्त्यावर उतरलं नसतं तर टोल गेला नसता. पण मोर्च्याच्या ट्रॅक्टरवर लावायच्या फ्लेक्सवर काय छापायचं, हे या वहीतून यावं.

वही म्हणजे चिखलीच्या गड्याची. साधी दोनशेपानी, पाच रकाने आखलेली: काय पाठवलं, कुणाला, तारीख, पोच क्रमांक, पुढची तारीख. शेवटचा रकाना त्यानं लाल पेनानं भरलाय. त्याच्या अर्जाला पहिलं उत्तर ३४ व्या दिवशी आलं, अर्धवट. अपील केलं. सुनावणीत अधिकाऱ्यानं विचारलं, ‘एवढं कशाला पाहिजे हो तुम्हाला?’ हा म्हणाला, ‘साहेब, दोन दिवस पाणी मोजायला मी होतो, ते मोजायचं कुणी ठरवलं ते बघायचंय.’ नस्ती दाखवायचा आदेश निघालाय. येत्या सोमवारी तीन वाजता आम्ही दोघं जाणार आहोत. त्याला म्हटलंय, चष्मा घे, आणि पेन स्वतःचं आण. तिथलं पेन दोरीला बांधलेलं असतं आणि दोरी नस्तीपर्यंत पोचत नाही.